कल्पित जगातलं खरं कोण ठरवतं?

ऑक्टोबर १९९९ मध्ये च्युबाका मेला. आर. ए. साल्वाटोर यांच्या ‘व्हेक्टर प्राइम’ या ‘स्टार वॉर्स’ कादंबरीत सर्नपिडल नावाच्या ग्रहावर त्याचाच चंद्र कोसळतो. हॅन सोलोच्या धाकट्या मुलाला, ॲनाकिनला, वाचवताना हॅनचा हा उंचापुरा केसाळ सोबती मागे राहतो आणि ग्रहाबरोबर संपतो. त्यानंतरच्या कादंबऱ्यांमध्ये हॅन या दुःखानं खचतो, मुलाशी तुटकपणे वागतो, कुटुंबापासून दूर जातो. ज्या वाचकांनी ही पुस्तकं क्रमानं वाचली, त्यांच्यासाठी हा मृत्यू पक्का होता.

डिसेंबर २०१५ मध्ये ‘द फोर्स अवेकन्स’ हा चित्रपट आला. त्यात म्हातारा हॅन सोलो आपल्या जुन्या यानात पाऊल टाकतो आणि त्याच्या शेजारी च्युबाका उभा असतो. त्याला कोणी पुन्हा जिवंत केलेलं नव्हतं. तो मेलाच नव्हता, असं दरम्यानच्या काळात ठरलं होतं.

एकाच कथाविश्वात अनेक लेखक, चित्रकार, दिग्दर्शक आणि खेळ बनवणारे काम करू लागले की हा प्रश्न येतोच. दोन पुस्तकं परस्परविरोधी गोष्टी सांगतात, तेव्हा कोणती धरायची? त्या जगात जे ‘घडलं’ म्हणून मानलं जातं, त्या साहित्याच्या संचाला ‘कॅनन’ म्हणतात. या प्रकरणात मी त्याला प्रमाणसंच असंही म्हणणार आहे. तो कोण ठरवतं, कोणत्या निकषांवर ठरवतं आणि त्या निर्णयाचं वजन नेमकं कुठवर पोचतं, हे इथे पाहायचं आहे.

साठ गोष्टी आणि त्यांची कुंपणं

कुठला ग्रंथ प्रमाण आणि कुठला नाही, हा वाद मुळात धर्मग्रंथांच्या अभ्यासातला. तो एका कल्पित पात्राला लावण्याचं श्रेय बहुतेक जण रोनाल्ड नॉक्स यांना देतात. पुढे कॅथलिक धर्मगुरू झालेल्या नॉक्स यांनी १९११ साली ऑक्सफर्डमध्ये शेरलॉक होम्सच्या कथांवर एक निबंध वाचला. बायबलचा कुठला भाग मूळचा आणि कुठला मागाहून आलेला, हे शोधताना त्या काळचे पंडित जी हत्यारं वापरत, तीच नॉक्स यांनी होम्सचा मित्र आणि त्या कथांचा निवेदक डॉक्टर वॉटसन याच्या लिखाणावर चालवली. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये होम्सला मारलं होतं आणि १९०३ मध्ये परत आणलं होतं. परतल्यावरचा होम्स वेगळा का वाटतो? त्या नंतरच्या कथा वॉटसननं पदरच्या रचल्या का? हेतू विनोदाचा होता, पण वाचन इतकं बारकाईचं होतं की खुद्द डॉयल यांनी नॉक्स यांना पत्र लिहून आश्चर्य व्यक्त केलं.

आज होम्सचा प्रमाणसंच साठ गोष्टींचा मानला जातो: चार कादंबऱ्या आणि ५६ कथा. पहिली १८८७ मधली, शेवटची १९२७ मधली. हा आकडा इतका रुळला आहे की तो निसर्गतःच तसा असावा असं वाटतं. पण कुंपणावरच्या गोष्टी पाहिल्या की निवड किती विचारानं झाली आहे ते कळतं.

‘द फील्ड बझार’ ही छोटी कथा डॉयल यांनी १८९६ मध्ये एडिंबरा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या नियतकालिकासाठी लिहिली. ‘हाऊ वॉटसन लर्न्ड द ट्रिक’ ही त्याहून छोटी, १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेली गोष्ट राणी मेरीच्या बाहुलीघरातल्या चिमुकल्या ग्रंथालयासाठी लिहिली. दोन्ही डॉयल यांच्याच हातच्या, दोन्हींत होम्स आणि वॉटसन आहेत, तरी साठात दोन्ही नाहीत. म्हणजे मूळ लेखकानं लिहिलं की ते आपोआप प्रमाण होतं, असं नाही. एक पूर्ण प्रकरण म्हणून मालिकेत आलेली गोष्ट आणि निमित्तानं केलेली गंमत, यांत वाचकांनी फरक केला.

उलट बाजूनं पाहा. डॉयल यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या कागदपत्रांत ‘द मॅन हू वॉज वॉन्टेड’ नावाची होम्सकथा सापडली. १९४८ मध्ये ती डॉयल यांची म्हणून छापली गेली. मग आर्थर व्हिटेकर नावाचे एक निवृत्त वास्तुरचनाकार पुढे आले. ही कथा आपण लिहून डॉयल यांच्याकडे पाठवली होती आणि त्यांनी ती दहा गिनी देऊन विकत घेतली होती, असं त्यांनी दाखवून दिलं. मजकुरात एक अक्षरही बदललं नाही, पण तिचं स्थान गेलं.

तिसरा निकष परवानगीचा. डॉयल यांचा मुलगा एड्रियन आणि रहस्यकथाकार जॉन डिक्सन कार यांनी मिळून लिहिलेल्या होम्सकथांचा संग्रह १९५४ मध्ये आला. २०११ मध्ये अँथनी होरोविट्झ यांची ‘द हाऊस ऑफ सिल्क’ ही कादंबरी डॉयल यांच्या वारसांच्या मान्यतेनं निघाली. एकीकडे रक्ताचं नातं, दुसरीकडे अधिकृत शिक्का. दोन्ही पुस्तकं आवडीनं वाचली गेली, पण साठाचे एकसष्ट झाले नाहीत. वारसांकडे हक्क होते. त्या हक्कांच्या जोरावर प्रमाणसंच वाढवता येत नाही, हे वाचकांनी ठरवून टाकलं होतं.

संचाच्या आतही सारं सुसंगत नाही. पहिल्या कादंबरीत वॉटसनला गोळी खांद्याला लागलेली असते, दुसरीत जखम पायाला आहे. त्याचं नाव जॉन, पण एका कथेत त्याची बायको त्याला जेम्स म्हणते. यावर लेखिका डोरथी सेयर्स यांनी उपाय सुचवला: वॉटसनच्या नावातलं मधलं ‘एच’ हे अक्षर हॅमिश या नावाचं असावं, आणि हॅमिश हे जेम्सचंच स्कॉटिश रूप आहे. प्रमाण मानलेल्या मजकुरात चूक दिसली तर तो मजकूर वगळायचा नाही, तिचा अर्थ लावायचा, ही शिस्त इथून आली. होम्सच्या जगात निर्णय वाचकांनी घेतला, आणि म्हणूनच तो जवळपास शंभर वर्षं टिकला.

लेखकच मजकूर बदलतो तेव्हा

लेखक हयात असताना हा प्रश्न सोपा असावा, असं वाटतं. जे. आर. आर. टॉल्किन यांचं उदाहरण तसं सांगत नाही. १९३७ मध्ये आलेल्या ‘द हॉबिट’च्या पहिल्या आवृत्तीत गॉलम हे पात्र कोड्यांच्या पैजेत आपली अंगठी बक्षीस म्हणून लावतं. पैज हरल्यावर अंगठी सापडत नाही, तेव्हा तो कथेचा नायक बिल्बो याची माफी मागतो आणि त्याला बाहेरचा रस्ता दाखवतो. नंतर ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना तीच अंगठी धारण करणाऱ्याला गुलाम करणारी ठरली. अशी वस्तू कोणी खुशीनं पैजेवर लावणार नाही. म्हणून टॉल्किन यांनी ते प्रकरण नव्यानं लिहिलं आणि १९५१ च्या आवृत्तीपासून तेच छापलं जाऊ लागलं.

पण जुनी आवृत्ती लोकांच्या घरात होती. टॉल्किन यांनी तिला खोडून टाकलं नाही. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या प्रस्तावनेत त्यांनी सांगितलं, की पहिली हकिकत म्हणजे बिल्बोनं आपल्या सोबत्यांना सांगितलेलं आणि आठवणींत लिहून ठेवलेलं रूप होतं; खरं घडलेलं वेगळं होतं. आता जुना मजकूर चूक उरला नाही, अंगठीच्या वाईट प्रभावाचा पहिला पुरावा झाला. प्रमाणाच्या इतिहासात इतकी सुंदर दुरुस्ती मला दुसरी माहीत नाही. तिनं जुन्या वाचकाचा मान राखला आणि नव्या कथेला बळ दिलं.

‘स्टार वॉर्स’चे जनक जॉर्ज ल्युकस यांनी दुसरा मार्ग घेतला. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये मद्यालयात बसलेला हॅन सोलो समोर बसलेल्या ग्रीडो नावाच्या भाडोत्री शिकाऱ्यावर गोळी झाडतो आणि निघून जातो. १९९७ च्या विशेष आवृत्तीत आधी ग्रीडो झाडतो, मग हॅन. बदल काही क्षणांचा, पण हॅनचा स्वभाव त्यानं बदलला. नंतरच्या आवृत्त्यांत तो प्रसंग पुन्हा पुन्हा हाताळला गेला. इथे जुन्या रूपाला कथेत जागा दिली गेली नाही, आणि म्हणूनच चाहत्यांचा राग आजवर विरलेला नाही.

उतरंड

‘स्टार वॉर्स’च्या बाबतीत चित्रपटांबाहेरचं विश्व झपाट्यानं वाढत गेलं. १९७८ मध्येच ॲलन डीन फॉस्टर यांची ‘स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय’ ही कादंबरी आली. चित्रपटांतले नायक-नायिका ल्यूक आणि लिया भाऊबहीण आहेत हे तेव्हा कोणालाच माहीत नसल्यानं त्यातला त्यांचा सूर आज वाचताना अवघडल्यासारखं होतं. १९८७ पासून वेस्ट एंड गेम्स या कंपनीनं भूमिका-खेळाची पुस्तकं काढली, त्यांत ग्रह, यानं, जमाती यांची तपशीलवार माहिती होती. १९९१ मध्ये टिमथी झान यांची ‘एअर टू द एम्पायर’ ही कादंबरी आली, तेव्हा संदर्भासाठी त्यांना हीच पुस्तकं देण्यात आली होती. एका खेळाच्या नियमपुस्तिकेतले तपशील असे कादंबरीत गेले आणि तिथून पुढच्या लेखकांवर बंधनकारक झाले.

हा पसारा सांभाळण्यासाठी ल्युकस यांच्या ल्युकसफिल्म या कंपनीचे लेलंड ची यांनी २००० साली ‘होलोक्रॉन’ नावाची माहितीसूची उभी केली. त्यातली प्रत्येक नोंद एका पायरीवर बसवली जाई. सर्वांत वर ‘जी’, म्हणजे जॉर्ज ल्युकस यांचे चित्रपट आणि त्यांचं थेट म्हणणं. त्याखाली ‘टी’, म्हणजे दूरचित्रवाणी मालिका. मग ‘सी’, म्हणजे कादंबऱ्या, कॉमिक्स, खेळ यांचा मुख्य प्रवाह. ‘एस’मध्ये जुनं, नव्याशी नीट न जुळणारं साहित्य, ज्यातलं हवं ते लेखकांनी उचलावं. आणि ‘एन’मध्ये ‘असं झालं असतं तर’ छापाच्या गोष्टी, ज्या घडल्याच नाहीत. नियम एकच होता: दोन पायऱ्यांत विरोध आला तर वरची जिंकेल.

या रचनेचं बलस्थान असं, की खालच्या पायरीवरची गोष्ट फेकली जात नसे. तिचा जेवढा भाग वरच्याशी भिडे तेवढाच बाद होई. बोबा फेट या भाडोत्री शिकाऱ्याचं उदाहरण घ्या. १९९० च्या दशकातल्या एका कथेनुसार त्याचं मूळ नाव जास्टर मरील होतं. २००२ च्या ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’नं तो जँगो फेटचा क्लोन असल्याचं दाखवलं. जुनी कथा कोलमडली. मग त्याच काळात आलेल्या एका कॉमिक मालिकेत जास्टर मरील हा जँगोला वाढवणारा योद्धा म्हणून अवतरला. नाव वाचलं, त्याला नवी जागा मिळाली.

वाहतूक खालून वरही होई. कोरुसांट हे राजधानीच्या ग्रहाचं नाव झान यांच्या कादंबरीतलं. ल्युकस यांनी ते १९९९ च्या ‘द फँटम मेनेस’मध्ये घेतलं. आयला सिक्युरा ही निळ्या कातडीची जेडाय योद्धा कॉमिकमधली; मुखपृष्ठावरचं तिचं चित्र ल्युकस यांना आवडलं आणि ती पडद्यावर आली.

उतरंडीची कमजोरीही होती. वरच्या पायरीवर काम करणाऱ्याला खालचं वाचण्याचं बंधन नव्हतं. कॅरन ट्रॅव्हिस यांनी अनेक कादंबऱ्यांतून मँडलोरियन लोकांची लढाऊ संस्कृती आणि त्यांची भाषा उभी केली. २०१० मध्ये ‘द क्लोन वॉर्स’ मालिकेनं मँडलोर हा शांततावादी राजवटीखालचा ग्रह म्हणून दाखवला. नियमानुसार मालिका जिंकली. पण ज्यांनी त्या कादंबऱ्या जिवापाड वाचल्या होत्या, त्यांच्या हाती काय उरलं, याचं उत्तर नियमात नव्हतं.

२५ एप्रिल २०१४

ऑक्टोबर २०१२ मध्ये डिस्नेनं ल्युकसफिल्म सुमारे ४ अब्ज डॉलरना घेण्याचं जाहीर केलं आणि नव्या चित्रपटांची घोषणा केली. अडचण लगेच समोर आली. जुन्या चित्रपटांनंतरची अनेक दशकं कादंबऱ्यांनी भरून टाकली होती: हॅन आणि लियाची तीन मुलं, ल्यूकची बायको मारा जेड, आकाशगंगेबाहेरून आलेलं आक्रमण, च्युबाकाचा मृत्यू. नव्या दिग्दर्शकानं हे सारं पाळायचं ठरवलं, तर कोट्यवधी प्रेक्षकांना ती पुस्तकं वाचून यावं लागलं असतं.

२५ एप्रिल २०१४ रोजी ल्युकसफिल्मनं निर्णय जाहीर केला. सहा चित्रपट आणि ‘द क्लोन वॉर्स’ हे प्रमाण. बाकीचं जुनं विश्व ‘लीजेंड्स’ या नावाखाली वेगळं. यापुढे येणारी पुस्तकं, कॉमिक्स, खेळ आणि चित्रपट मात्र एकाच पातळीवर धरले जातील आणि त्यांच्यावर एक ‘स्टोरी ग्रुप’ लक्ष ठेवील. नव्या क्रमातली पहिली कादंबरी, जॉन जॅक्सन मिलर यांची ‘अ न्यू डॉन’, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आली.

उतरंड गेली, कुंपण आलं. तोटा मोठा होता. वीसपंचवीस वर्षं ज्यांनी हे विश्व उभारलं, त्यांचं काम एका निवेदनानं ‘दंतकथा’ ठरलं, आणि चाहत्यांचा संताप रास्त होता. तरी मला हा निर्णय एकंदरीत प्रामाणिक वाटतो, आणि त्याची दोन कारणं आहेत. पहिलं, कंपनीनं चित्रपट येण्याआधी सांगितलं. वाचकाला पडद्यासमोर बसवून फसवलं नाही. दुसरं, जुनी पुस्तकं बाजारातून काढली नाहीत. ती ‘लीजेंड्स’च्या पट्टीसह छापली जात राहिली, आणि २०२१ पासून त्यांतल्या निवडक कादंबऱ्यांची नवी मालिकाच निघाली.

शिवाय कुंपणाला फाटक ठेवलेलं होतं. झान यांचा गाजलेला खलनायक, ग्रँड ॲडमिरल थ्रॉन, २०१६ मध्ये ‘रेबेल्स’ मालिकेतून प्रमाण विश्वात आला, आणि २०१७ मध्ये त्याच्यावरची नवी कादंबरी खुद्द झान यांनीच लिहिली. शीर्षक होतं ‘थ्रॉन’. एका लेखकाचं पात्र रद्द व्हावं आणि त्याच लेखकाच्या हातून परत यावं, ही मोठी गोष्ट आहे.

मालक नसलेलं विश्व

‘स्टार ट्रेक’चा नियम अनेक वर्षं साधा राहिला: पडद्यावर दिसलं ते घडलं, पुस्तकातलं नाही. १९७३–७४ ची ॲनिमेटेड मालिका मात्र पडद्यावरची असूनही १९८० च्या दशकाच्या अखेरीस प्रमाणाबाहेर ठेवली गेली. तरी कथेचा नायक कॅप्टन कर्क याचं ‘टायबेरियस’ हे मधलं नाव याच मालिकेतलं, आणि त्याचा सहकारी सुलू याचं ‘हिकारू’ हे नाव वोंडा मॅकिन्टायर यांच्या १९८१ च्या कादंबरीतलं. दोन्ही नावं १९९१ च्या सहाव्या चित्रपटात उच्चारली गेली. नियम काहीही म्हणो, चांगला तपशील वाट काढतो.

एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या भयकथांना तर मालकच नव्हता. आपली दैवतं, शापित ग्रंथ, गावं मित्रांनी वापरावीत असं ते स्वतः सांगत. तरुण रॉबर्ट ब्लॉक यांनी एका कथेत लव्हक्राफ्टसारख्या पात्राला मारलं, तेव्हा लव्हक्राफ्ट यांनी पुढच्या कथेत ब्लॉकसारख्या पात्राचा बळी घेतला. त्यांच्या मृत्यूनंतर ऑगस्ट डर्लेथ यांनी १९३९ मध्ये आर्कहॅम हाऊस ही प्रकाशनसंस्था काढून त्यांचं साहित्य टिकवलं, आणि त्याच वेळी त्यात सुष्ट-दुष्टांच्या लढ्याची चौकट घातली. लव्हक्राफ्ट यांच्या जगाला माणसाच्या बऱ्यावाईटाशी देणंघेणंच नव्हतं. आज जाणकार वाचक डर्लेथ यांचे उपकार मानतात, पण त्यांची चौकट मूळ मानत नाहीत. निर्णय पुन्हा वाचकांनीच घेतला.

निवाडा कसा करावा

या सगळ्यातून एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. प्रमाण ठरवणं म्हणजे पुढच्या लेखकासाठी अट घालणं: तुला हे पाळायचं आहे, ते पाळायचं नाही. गोष्ट किती चांगली आहे, याच्याशी त्या अटीचा संबंध नाही. हे दोन प्रश्न एकत्र केले की भांडणं सुरू होतात. मालकाला वाटतं, आपण अट बदलली म्हणजे वाचकाची आठवणही बदलावी. वाचकाला वाटतं, आपलं प्रेम आहे म्हणजे अटही तशीच राहावी. दोघांचंही चुकतं.

म्हणून ज्याच्या हाती निर्णय असेल त्यानं तीन गोष्टी पाळाव्यात. नियम आधी सांगावा आणि तो सर्वांना सारखा लावावा. विरोध आला तर आधी टॉल्किनसारखी जुळणी करून पाहावी. वगळणं हा शेवटचा उपाय. आणि जे वगळलं ते छापील रूपात, स्वतःच्या नावानं उपलब्ध ठेवावं. हक्कदार कंपनी जुनी आवृत्ती मिळेनाशी करते, तेव्हा ती प्रमाण ठरवत नसते, पुरावा नष्ट करत असते, आणि त्याला विरोधच व्हायला हवा.

वाचकानं स्वतःसाठी एवढं करावं: कुठलंही विश्व वाचायला घेताना हाती आलेलं पुस्तक कोणत्या संचातलं आहे हे पाहून घ्यावं, म्हणजे विसंगती भेटली तर गोंधळ उडणार नाही. पण काय वाचायचं हे त्या यादीवरून ठरवू नये. झान यांची १९९१ ची कादंबरी आज प्रमाण नाही. ‘स्टार वॉर्स’चं नाव लावून आलेल्या पुस्तकांत ती आजही सर्वोत्तमांपैकी एक आहे, आणि ती अवश्य वाचा.